अंडरव्होल्ट केल्यावर स्ट्रेस टेस्ट पास, पण लॉगिन होताच निळी स्क्रीन. नेमकं काय तपासायचं?

सहा_कोर

आय७-८७५०एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज ११. अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा कमी करणं, थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रामने केलंय: कोअर आणि कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दोन्हींना उणे १३० मिलिव्होल्ट ऑफसेट, म्हणजे कपात, इंटेल जीपीयूला उणे ५०. स्ट्रेस टेस्ट म्हणून सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची फेरी आणि प्राइम९५ अर्धा तास, दोन्हींत एकही एरर नाही. तापमान ९६ वरून ८६ अंशांवर आलं आणि सगळे कोअर कामाला लागल्यावरचा क्लॉक ३.१ वरून ३.५ गिगाहर्ट्झवर गेला. तेव्हा उपयोग होतोय, यात शंका नाही.

भानगड आहे ती चालू होताना. टास्क शेड्युलरमधून लॉगिनच्या वेळी थ्रॉटलस्टॉप सुरू होतं, आणि पुढचे प्रकार दिसतात:

डेस्कटॉप आल्यावर अर्ध्या मिनिटात अधूनमधून निळी स्क्रीन. बहुतेक वेळा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट', कधी 'व्हिया अनकरेक्टेबल एरर'. एकदा तर लॉगिनची स्क्रीन यायच्या आधीच.

काही वेळा थ्रॉटलस्टॉप सुरूच होत नाही. शेड्युलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट'खाली ०एक्स८००७१०ई० दिसतं.

आणि ताज्या विंडोज अपडेटनंतर तिसरंच. थ्रॉटलस्टॉप सुरू आहे, आकडे भरलेले आहेत, पण एफआयव्हीआर या व्होल्टेज बदलायच्या खिडकीत वर उजवीकडच्या तक्त्यात ऑफसेट शून्य. निळी स्क्रीन थांबली, पण तापमान परत ९६.

सेटिंग चुकतंय, की चिपच एवढं झेपवत नाही?

---

मिलिव्होल्ट

तीन वेगळी दुखणी एका गाठोड्यात बांधली आहेत तुम्ही. निळी स्क्रीन हा व्होल्टेजचा प्रश्न, ०एक्स८००७१०ई० हा शेड्युलरचा, आणि शून्य ऑफसेट हा विंडोजच्या सुरक्षेचा किंवा बायोसचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी फक्त पहिल्याबद्दल लिहितो, बाकीचं इथले लोक सांगतीलच.

स्ट्रेस टेस्ट पास होते म्हणजे ऑफसेट स्थिर आहे, ही समजूत डोक्यातून काढा. ८७५०एचचे टर्बो गुणक असे आहेत: एक किंवा दोन कोअर जागे असतील तर ४.१ गिगाहर्ट्झ, तीन-चार असतील तर ४.०, पाच-सहा असतील तर ३.९. प्राइम९५ किंवा सिनेबेंचमध्ये सहाही कोअर भरलेले असतात आणि ४५ वॉटच्या मर्यादेमुळे क्लॉक आणखी खाली येतो. तुमच्याच आकड्यांत तो ३.५ आहे. म्हणजे अर्धा तास तुम्ही ३.५ ची परीक्षा घेतलीत. ४.१ ला चिप तेवढ्याच कपातीत तग धरते का, हे या चाचणीत कुठेच तपासलं गेलं नाही.

लॉगिनच्या वेळी चित्र उलटं असतं. एकेक प्रोग्राम जागा होतो, एक-दोन कोअर झटक्यात ४.१ ला जातात, काही मिलिसेकंदांत परत झोपतात, परत उठतात. दर वेळी व्होल्टेज खालीवर होतं आणि वर जाताना क्षणभर खचतं. ऑफसेट हा व्होल्टेज-क्लॉकच्या अख्ख्या वक्राला लागतो, त्यामुळे वरच्या टोकालाही तेच १३० मिलिव्होल्ट कमी आणि जवळजवळ रिकाम्या अवस्थेतही तेवढेच कमी. पूर्ण भाराखाली ठणठणीत असलेलं मशीन रिकामं बसल्या बसल्या कोसळतं, ते यामुळेच.

'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'चा अर्थ एखाद्या कोअरने ठरलेल्या वेळात टायमरच्या इंटरप्टला उत्तर दिलं नाही. अंडरव्होल्ट केलेल्या मशीनवर हा कोड आला की आधी ऑफसेटवर संशय घ्यायचा, मग ड्रायव्हर वगैरे.

आता करायचं ते:

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, आणि स्रोत 'व्हिया-लॉगर' (हार्डवेअरच्या चुकांची विंडोजची नोंद) लावून गाळा. इव्हेंट आयडी १९ म्हणजे दुरुस्त झालेली चूक. तिच्या तपशिलात 'इंटर्नल पॅरिटी एरर' किंवा 'कॅशे हायरार्की एरर' दिसलं, तर निळी स्क्रीन आली नसली तरी तुम्ही काठावर आहात. आयडी १८ म्हणजे जीवघेणी चूक. १७ दिसला तर तो बहुधा पीसीआय एक्स्प्रेसचा असतो, वायफाय कार्ड नाहीतर एसएसडीच्या दुव्यावरचा. त्यासाठी व्होल्टेजला दोष देऊ नका. 'कर्नल-पॉवर ४१' तर एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यातून कळत नाही. लोक तो एकच इव्हेंट चिकटवून 'काय झालं सांगा' विचारतात, त्याला उत्तर नसतं.

मग जीपीयूचा ऑफसेट शून्य करा, सिस्टीम एजंटला (प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर वगैरे असलेला भाग) हात लावू नका. आतल्या जीपीयूचं व्होल्टेज कमी करून मिळणारा फायदा नगण्य, आणि डेस्कटॉप रंगवला जात असतानाच तो दगा देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळायचा असेल तर हीच पहिली.

कोअर आणि कॅशे दोन्ही सारखेच, उणे ८० वर आणा. थ्रॉटलस्टॉपमध्ये उणे ८०.१ दिसेल, गोंधळू नका. रजिस्टरमधली पायरी एका व्होल्टचा १०२४ वा भाग, म्हणजे जेमतेम ०.९८ मिलिव्होल्टची असते, म्हणून आकडे कधी गोल येत नाहीत. १०० च्या जागी ९९.६ किंवा १००.६ दिसणार.

उणे ८० वर हलक्या भाराची चाचणी घ्या. थ्रॉटलस्टॉपमधला टीएस बेंच एका थ्रेडवर लावा, मग दोनवर, मग चारवर. त्याच्या 'एरर्स'च्या चौकटीत एक जरी आकडा आला तरी तो ऑफसेट बाद. सिनेबेंचची सिंगल कोअर फेरीही चालेल. त्यानंतर मशीन तासभर रिकामं ठेवा, झोपवा, उठवा. व्हिया-लॉगर कोरा राहिला तर दहाने पुढे जा. एरर आली की तिथून १५ ते २० मिलिव्होल्ट मागे या आणि तिथेच थांबा. त्या शेवटच्या पाच मिलिव्होल्टसाठी लोक महिनोन्‌महिने झगडतात, आणि तापमानात एक अंशाचाही फरक पडत नाही.

---

खिडकी_मागचा

शेड्युलरचं मी सांगतो.

०एक्स८००७१०ई० चा सरळ अर्थ: टास्क चालवायची वेळ झाली, पण अट पुरी नव्हती म्हणून शेड्युलरने नकार दिला. लॅपटॉपवर दहापैकी नऊ वेळा ती अट चार्जरची असते. नवी टास्क बनवली की 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' आपोआप टिकलेलं येतं. चार्जर न लावता मशीन चालू केलं असेल त्या दिवशीच हा कोड येतोय का, बघा. ती टिक काढा. तिच्याखालची 'स्टॉप इफ द कॉम्प्युटर स्विचेस टू बॅटरी पॉवर'सुद्धा काढा, नाहीतर चार्जर उपटला की थ्रॉटलस्टॉप मरेल.

टास्कची बाकी सेटिंग्ज एकदा पडताळून घ्या. 'जनरल'मध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ला टिक हवीच, त्याशिवाय ड्रायव्हर चढत नाही. 'ट्रिगर्स'मध्ये 'ॲट लॉग ऑन', आणि 'डिले टास्क फॉर' १ मिनिट. उशीर मुद्दाम ठेवायचा. ऑफसेट बिघडलेला असला तर तो लागू व्हायच्या आत टास्क बंद करायला तेवढा एक मिनिट मिळतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन ३ डेज' ही टिक काढा. जे लोक मशीन कधी बंद न करता नुसतं झोपवतात, त्यांचा अंडरव्होल्ट तीन दिवसांनी गायब होतो आणि कारण सापडत नाही, तो हा प्रकार.

'ॲक्शन्स'मधली गोम: प्रोग्रामच्या मार्गाला अवतरण चिन्हं चालतात, 'स्टार्ट इन'च्या चौकटीत चालत नाहीत. तिथे ती घातली की ०एक्स८००७०१०बी येतो, म्हणजे डिरेक्टरीचं नाव अवैध. नुसता ०एक्स२ आला तर फाइल त्या जागी नाही: फोल्डर हलवला असेल, किंवा डिफेंडरने उचलून क्वारंटाइनमध्ये टाकला असेल. ०एक्स४१३०१ ला मात्र घाबरू नका, टास्क अजून चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. थ्रॉटलस्टॉप मागे सतत चालूच असतं, म्हणून तिथे तोच दिसायला हवा.

फोल्डर सी ड्राइव्हवर स्वतंत्र ठेवा. झिपमधून थेट चालवलं तर सेटिंग्ज साठवणारी आयएनआय फाइल जतन होत नाही. आणि वनड्राइव्हशी जोडलेल्या डेस्कटॉपवर तर नकोच.

आणखी एक. थ्रॉटलस्टॉपमध्ये चार प्रोफाइल असतात आणि प्रत्येकाचा ऑफसेट वेगळा साठवला जातो. ऑप्शन्समध्ये बॅटरीसाठी वेगळं प्रोफाइल नेमलं असेल आणि त्यात जुना, जास्त खोल आकडा राहिला असेल, तर चार्जर काढताक्षणी मशीन कोसळेल. चारही प्रोफाइलमध्ये आकडे तेच आहेत ना, ते डोळ्यांनी बघा.

---

बायोसची_किल्ली

शून्य ऑफसेटची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी काढणं सोपं आहे.

स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधून उघडा. 'सिस्टीम समरी'त खाली 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी' अशी ओळ असते. तिथे 'रनिंग' असेल तर कारण सापडलं. ही सुरक्षा चालू असली की विंडोज स्वतः हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराच्या, वर बसतं आणि व्होल्टेजच्या रजिस्टरमध्ये केलेलं लिखाण प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. प्रोग्रामला वाटतं लिहिलं, तक्ता दाखवतो शून्य. अपडेटनंतर 'मेमरी इंटेग्रिटी' चालू झालेली असणं अगदी शक्य आहे. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या वाटेने जाऊन ती बंद करता येते. नंतर रीस्टार्ट. तरीही 'रनिंग'च दिसलं तर 'विंडोज फीचर्स'मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स यांपैकी काय चालू आहे ते बघा. लिनक्ससाठीच्या सबसिस्टीमची दुसरी आवृत्ती (डब्ल्यूएसएल २) वापरत असाल तर व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म लागतोच, मग दोन्हींतलं एक निवडावं लागेल.

ही सुरक्षा उगाच दिलेली नाही. कर्नलमध्ये शिरू पाहणाऱ्या ड्रायव्हरला ती अडवते. शिवाय काही ऑनलाइन खेळांची चीटविरोधी यंत्रणा ती चालू असल्याशिवाय खेळ उघडत नाही. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर हे अजिबात करू नका.

आता दुसरं कारण. त्याच ठिकाणी 'बायोस व्हर्जन/डेट'ची ओळ आहे. तारीख अलीकडची झाली असेल, तर अपडेटबरोबर नवा बायोस आला आणि त्याने व्होल्टेजचं दार बंद केलं. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची त्रुटी जाहीर झाली. अंडरव्होल्ट करून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली आकडेमोड चुकवायची आणि त्यातून किल्ल्या काढायच्या, असा तो हल्ला होता. त्यावर उपाय म्हणून इंटेलने मायक्रोकोड दिला आणि लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेकांनी बायोसमधून ऑफसेटला कुलूप घातलं. कुलूप असेल तर एफआयव्हीआर खिडकीत वरच 'लॉक्ड' लिहिलेलं दिसतं आणि सरकपट्ट्या राखाडी होतात.

अशा वेळी बायोसमध्ये 'अंडरव्होल्ट प्रोटेक्शन' किंवा 'ओव्हरक्लॉकिंग लॉक' असा पर्याय दिला असेल तर तो बंद करा. नसेल तर जुन्या बायोसवर परत जाता येतं का, ते उत्पादकाच्या सूचनांत बघा. काही ठिकाणी खाली उतरणंही बंद केलेलं असतं.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) 'सस्पेंड' करा आणि रिकव्हरी कीचे ४८ अंक मशीनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. बायोस बदलला की टीपीएम या सुरक्षा-चिपमधलं मोजमाप जुळत नाही आणि पुढच्या बूटला बिटलॉकर किल्ली मागतं. त्या क्षणी किल्ली त्याच डिस्कवर असून उपयोग नाही.

लपलेल्या सेटअप व्हेरिएबलमध्ये हाताने आकडा लिहून कुलूप काढायच्या कृती इंटरनेटवर फिरतात. ऑफसेटचा पत्ता प्रत्येक मॉडेलला, प्रत्येक बायोस आवृत्तीला वेगळा असतो. दुसऱ्याचा पत्ता वापरून लिहिलंत तर भलतंच सेटिंग बदलतं आणि मशीन पेटतच नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्येच असतात, त्यामुळे सीमॉस बॅटरी काढूनही सुटका होत नाही. मग सीएच३४१ए प्रोग्रामर, आठ पायांची क्लिप आणि आधी काढून ठेवलेली चिपची प्रत, हाच मार्ग उरतो. त्यातही काही चिप १.८ व्होल्टच्या असतात. ३.३ व्होल्ट दिलेत तर चिपही गेली.

---

सहा_कोर

तपासलं.

व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी: रनिंग. बायोसची तारीख जुनीच. मेमरी इंटेग्रिटी बंद करून रीस्टार्ट केल्यावर ऑफसेट परत दिसायला लागला.

चार्जरची टिक होती, काढली. उशीर १ मिनिट केला.

व्हिया-लॉगरमध्ये आयडी १९ च्या बऱ्याच नोंदी आहेत, बहुतेक 'इंटर्नल पॅरिटी एरर', आणि जवळपास सगळ्या लॉगिननंतरच्या एक-दोन मिनिटांतल्या. सिनेबेंचच्या वेळेला एकही नाही. उणे १३० वर टीएस बेंच एका थ्रेडवर लावला तर लगेच एरर मोजायला लागतो, बारा थ्रेडवर शून्य.

दोन शंका. लॉगिनच्या आधी आलेली निळी स्क्रीन कशी? तेव्हा तर थ्रॉटलस्टॉप सुरूही झालेलं नसतं. आणि पुढे कधी लॉगिन होताच कोसळायचं चक्रच लागलं तर बाहेर कसं पडायचं?

---

मिलिव्होल्ट

एका थ्रेडवर एरर आणि बारावर शून्य, यापेक्षा स्वच्छ निदान मिळणार नाही. उणे १३० तुमच्या चिपला ४.१ वर पेलत नाही.

लॉगिनच्या आधीच्या कोसळण्याबद्दल विचारतो: इंटेलचं एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी, म्हणजे एक्सटीयू, अजून इन्स्टॉल आहे का? त्याची सर्व्हिस लॉगिनची वाट बघत नाही, आणि जुना ऑफसेट तीच लावते. एक्सटीयू आणि थ्रॉटलस्टॉप एकाच रजिस्टरमध्ये लिहितात, जो शेवटी लिहील त्याचं चालतं. दोघांपैकी एकच ठेवा. उत्पादकाचं स्वतःचं पॉवर मोडचं सॉफ्टवेअर असेल तर तेही बघा. ते व्होल्टेजला सहसा हात लावत नाही, पण पॉवर लिमिट बदलतं, आणि मग तुमची मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत.

निदान चालू असेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये विंडोज कर्नल आणि चढलेले ड्रायव्हर हायबरनेट करून ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच उचलतं. तुम्ही समजता मशीन नव्याने सुरू झालं, प्रत्यक्षात कालचंच कर्नल असतं.

---

खिडकी_मागचा

चक्रातून बाहेर पडण्याचं. थ्रॉटलस्टॉपमधला ऑफसेट चिपमध्ये कायमचा कोरला जात नाही. मशीन पूर्ण बंद झालं की तो पुसला जातो आणि प्रत्येक लॉगिनला टास्क तो नव्याने लावते. म्हणून लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत मशीन सुरक्षित असतं. तिथेच पॉवरच्या चिन्हावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये टास्क शेड्युलरची सर्व्हिस चालत नाही, त्यामुळे थ्रॉटलस्टॉप उठत नाही. त्याच्या फोल्डरमधली थ्रॉटलस्टॉप डॉट आयएनआय फाइल काढून टाका, किंवा फोल्डरचंच नाव बदला. फोल्डरचं नाव बदललंत तर पुढच्या वेळी टास्कला फाइल सापडणार नाही आणि ०एक्स२ देऊन ती गप्प बसेल.

लॉगिनची स्क्रीनही येत नसेल तर विंडोजचा लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची निळी खिडकी आपोआप येते. तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नोटपॅड सुरू करा. नोटपॅडच्या 'फाइल, ओपन' खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडलं की तिथूनच फोल्डरचं नाव बदलता येतं, कमांड पाठ असायची गरज नाही. फक्त ड्राइव्हचं अक्षर तिथे सी असेलच असं नाही, डी किंवा ई वर विंडोज दिसेल. आणि इथेही बिटलॉकर किल्ली मागणार.

एवढ्या वेळा कोसळलं आहे तर व्होल्टेज मागे आणल्यानंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी स्कॅननाउ आणि सी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवा. कॅशेमध्ये बिट उलटला आणि तेच पान डिस्कवर लिहिलं गेलं, तर नंतर येणाऱ्या एररचा अंडरव्होल्टशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी ऑफसेट शून्य, मग दुरुस्ती. डळमळत्या मशीनवर दुरुस्ती चालवली तर तीच काहीतरी बिघडवेल.

---

पेंग्विन_प्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात, कारण हा धागा शोधत तेही येतील. इंटेल-अंडरव्होल्ट किंवा पायथनमधलं अंडरव्होल्ट, दोन्ही त्याच एमएसआरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या व्होल्टेजच्या रजिस्टरमध्ये, लिहितात. सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच वितरणांत कर्नल लॉकडाउन लागतं आणि लिखाण नाकारलं जातं. आवृत्ती ५.९ पासून कर्नल अशा लिखाणाची लॉगमध्ये तक्रारही करतं. सिस्टीमडीची सर्व्हिस लगेच 'एनेबल' करू नका. काही दिवस हाताने लावा, स्थिर वाटलं तर मग. झोपेतून उठल्यावर ऑफसेट पुसलेला असतो, तो परत लावायची सोय सर्व्हिसमध्ये वेगळी करावी लागते.

---

कॅशे_आधी

'कोअर आणि कॅशे सारखेच ठेवा' या सल्ल्यात थोडी भर. या पिढीत दोन्ही एकाच व्होल्टेजच्या वाहिनीवर आहेत, म्हणून नुसता कोअर खाली नेऊन कॅशे शून्य ठेवलं तर काही फरक दिसत नाही. इथपर्यंत बरोबर. पण आधी कोसळते ती बहुधा कॅशे. आधी दोन्ही बरोबरीने खाली नेऊन हद्द शोधा, मग कॅशे तिथेच ठेवून एकटा कोअर २०-३० मिलिव्होल्ट आणखी खाली नेऊन बघा. काही चिपवर भाराखालचं तापमान आणखी उतरतं, काहींवर ढिम्म काही होत नाही. मोजून ठरवा. आणि टीएस बेंचची एका थ्रेडची फेरी दर पायरीला परत घ्या.

---

मिलिव्होल्ट

हे मान्य, पण धागाकर्त्यांनी आधी सारख्या ऑफसेटवर आठवडाभर स्थिर राहावं. दोन चल एकाच वेळी हलवले की कोणता दोषी ते कळत नाही.

---

सहा_कोर

एक्सटीयू होतंच. पूर्वी त्यात उणे १४० ठेवले होते. अनइन्स्टॉल केलं.

आता कोअर-कॅशे दोन्ही उणे ९९.६, जीपीयू शून्य. एक, दोन, चार आणि बारा थ्रेडवर टीएस बेंच स्वच्छ. तापमान ८९, सगळ्या कोअरचा क्लॉक ३.४. उणे ११० ला एका थ्रेडवर एक एरर आली होती.

उणे ९९.६ कायम करायला हरकत नाही ना? आणि 'लिमिट्स'च्या खिडकीत पीएल१ लाल का दिसतं?

---

मिलिव्होल्ट

११० ला एरर आली असेल तर ९९.६ मध्ये जेमतेम १० ची उसंत आहे. उणे ९० वर या. तापमान फार तर एखाद्या अंशाने वाढेल. उन्हाळ्यात चिप तापलेली असते, जुनी होते तसं तिला थोडं जास्त व्होल्टेज लागायला लागतं, तेवढी सवड ठेवायचीच.

पीएल१ लाल म्हणजे या क्षणी दीर्घ मुदतीची पॉवर मर्यादा, तुमच्याकडे ४५ वॉट, क्लॉकला रोखते आहे. पिवळं असतं तर मागे कधीतरी रोखलं होतं असा अर्थ. पूर्ण भाराखाली ते लाल असणं अपेक्षितच आहे. अंडरव्होल्टचा सगळा फायदा याच मर्यादेत मिळतो: स्विचिंगमध्ये खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १.१० व्होल्टवरून १.०० वर आलं की त्याच क्लॉकला ती सुमारे १७ टक्के कमी लागते, आणि वाचलेले वॉट चिप क्लॉक वाढवायला वापरते. 'थर्मल' लाल दिसलं तर मात्र व्होल्टेज सोडा, हीटसिंक आणि पंखा बघा. 'बीडी प्रॉकहॉट' लाल दिसलं तर प्रोसेसरबाहेरचं काहीतरी, बहुधा व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटचं) तापमान किंवा चार्जरची ओळख न पटणं, त्याला दाबून ठेवतंय.

कायम करताना एवढं करा. एफआयव्हीआरमध्ये खाली उजवीकडे आधी 'ओके - डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस' निवडून उणे ९० लावा. या स्थितीत मशीन कोसळलं तर आकडा आयएनआयमध्ये गेलेला नसतो, पुढचं बूट स्वच्छ असतं. टास्क डिसेबल ठेवून हाताने सुरू करत काही दिवस वापरा: झोपवणं, उठवणं, चार्जर लावणं-काढणं, व्हिडिओ बघत रिकामं बसणं. व्हिया-लॉगर कोरा असेल तर 'सेव्ह व्होल्टेजेस इमिजिएटली' करून टास्क परत चालू करा.

---

बायोसची_किल्ली

दोन गोष्टी राहिल्या.

थ्रॉटलस्टॉपच्या जुन्या आवृत्त्या फोल्डरसकट काढून टाका. त्यांच्यातल्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं सापडली आहेत. 'ड्रायव्हर लोड झाला नाही' अशी एरर सुरुवातीलाच आली तर विंडोजची धोकादायक ड्रायव्हरांची यादी बंद करायच्या भानगडीत पडू नका, मूळ ठिकाणाहून नवी आवृत्ती उतरवा. फोल्डरमध्ये जुनी एसवायएस फाइल उरली असेल तर तीही पुसा आणि शटडाउन नाही, रीस्टार्ट करा. जुना ड्रायव्हर फास्ट स्टार्टअपमुळे चिकटून बसतो.

दुसरं, बायोसचं अपडेट. विंडोज अपडेटमध्ये 'फर्मवेअर' नावाची नोंद आली की ती लागू व्हायच्या आधी टास्क डिसेबल करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि ऑफसेट शून्य आहे हे तक्त्यात पाहूनच पुढे जा. फ्लॅश लिहिताना कोअर अडखळला तर सेफ मोड, आयएनआय, नोटपॅड यांतलं काहीच कामाला येणार नाही.

---

रायझन_रसिक

एएमडीवर यातलं थ्रॉटलस्टॉपचं काही लागू होत नाही, ते फक्त इंटेलसाठी आहे. तिथे कर्व्ह ऑप्टिमायझर (एएमडीची अंडरव्होल्टची सोय) बघायचा, आणि लॅपटॉपमध्ये तो मोजक्याच मॉडेलांवर, मुख्यतः एचएक्स चिपवर, खुला असतो. त्यात मिलिव्होल्ट थेट लिहीत नाहीत, 'काउंट' लिहितात, एक काउंट साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा. एका थ्रेडवर कोसळायचा प्रकार तिथेही हाच. फक्त प्रत्येक कोअरला वेगळा आकडा देता येत असेल तर कोणता कोअर कच्चा आहे ते व्हिया-लॉगरमधल्या 'प्रोसेसर एपिक आयडी'वरून शोधता येतं, आणि तेवढ्याच कोअरला मागे आणता येतं.